मधमाशीची माधुकरी

"माधुकरी" हा शब्द आमच्या घरांतील आचारांतून गेला त्यास आतां दोन पिढ्या झाल्या. बोलण्यांतून मात्र तो अजून गेलेला नाहीं. खेड्यांतून विद्येसाठीं पुण्यास आलेल्या गरीब विद्यार्थ्यानें मध्याह्नीं झोळी घेऊन पांच-सात घरच्या उंबरठ्यांशीं उभें राहावें, प्रत्येक घरीं मिळेल तो घास-दोन घास घ्यावा, आणि कोणाही एका गृहस्थावर आपल्या पोटाचा भार पडूं देऊं नये, हा त्या प्रथेंतील विवेक. मधुकर जसा फुलास न दुखवितां थोडा थोडा रस घेतो तसें हें घेणें, म्हणून ती माधुकरी. ज्या कोणीं हें नांव योजिलें त्याची दृष्टि सूक्ष्म होती यांत शंका नाहीं.

तथापि मधमाशीच्या मागें आयुष्य घालविलेल्या शास्त्रज्ञांस ही उपमा दाखविली तर ते तिचा पूर्वार्ध मान्य करितील आणि उत्तरार्धाशीं अडतील. फुलास इजा होत नाहीं हें खरेंच. उलट एका फुलाचे पराग दुसऱ्यास पोंचून फळ धरतें, म्हणजे भिक्षा घालणाराही लाभांतच राहतो. पण माशी दिसेल त्या फुलाच्या दारीं थांबत हिंडते ही कल्पना बरोबर नाहीं. एका फेरींत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. तिळाच्या शेतांत शिरलेली माशी तिळाचींच फुलें धुंडाळील. बांधावरचें दुसरें फूल कितीही टवटवीत असलें तरी त्याकडे वळणार नाहीं. ही गोष्ट ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें सुमारें २,३०० वर्षांपूर्वीं टिपून ठेविली आहे. दुसरी गोष्ट याहून मोठी. पोळ्यांतून चरावयास निघणाऱ्या माशांपैकीं थोड्याच नवीं फुलें शोधीत हिंडतात. बाकीच्या आपण कोठें जात आहों हें जाणून निघतात. फुलाचा वास, दिशा आणि अंतर हीं तिन्ही त्यांस घरींच कळलेलीं असतात.

आमचे आजोबा माधुकरी मागूनच शिकले. "कोणत्या वाड्यांत कुत्रें आहे, कोणाकडे सोंवळ्यामुळें उशीर होतो, हें सारें आम्ही पोरें एकमेकांस सांगत असूं, पण ज्या घरीं तुपाची धार सढळ असे त्या घराचें नांव मात्र कोणी काढीत नसे," असें ते हंसत सांगत. मधमाशीची रीत याच्या नेमकी उलट आहे. घर जितकें चांगलें तितकी ती त्याची वाच्यता अधिक करिते. ती कशी करिते हें मनुष्यास कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि ज्यानें तें शोधून काढिलें त्यानेंही तिच्या बोलण्याचा वीस वर्षें भलताच अर्थ लाविला होता. तीच हकीकत या महिन्यांत सांगावयाची आहे.

आरंभ एका न्याहारीच्या मेजापासून करूं. ऑगस्ट फोरेल हे स्वित्झर्लंडमधील नामांकित वैद्य. मुंग्यांचे अभ्यासक म्हणूनही त्यांची ख्याति होती. उन्हाळ्यांत आल्प्स पर्वतांतील घराच्या गच्चीवर त्यांचें कुटुंब न्याहारीस बसे. मेजावर फळांचा मुरंबा असे, आणि मधमाशा त्यावर येत. पुढें एक दिवस हवा बिघडल्यामुळें सर्व मंडळी आंत जेवली. तरी माशा ठरल्या वेळीं रिकाम्या मेजापाशीं हजर! आंत असलेल्या मुरंब्याचा वास बाहेर जात नव्हता. तेव्हां माशांस वेळेची आठवण राहत असली पाहिजे असा तर्क फोरेल यांनीं केला. पुढें १९२९ सालीं इंगेबोर्ग बेलिंग या जर्मन विदुषीनें तो प्रयोगानें सिद्ध केला. ठराविक तासालाच साखरपाणी देत गेलें असतां माशा त्या तासाला रिकाम्या बशीवरही येतात. यांत आश्चर्य वाटण्याजोगें असलें तरी निरुपयोगी कांहीं नाहीं, कारण पुष्कळ फुलेंही दिवसाच्या ठराविक प्रहरींच मकरंद सोडतात. अवेळीं जाण्यांत खेपेचा खर्च वायां जावयाचा.

बेलिंग ज्यांच्या शिष्या, ते कार्ल फॉन फ्रिश हे आमच्या कथेचे नायक. त्यांचा जन्म १८८६ सालीं व्हिएन्ना येथें झाला. अध्यापनाचा बहुतेक काल म्युनिक येथें गेला. मधमाशी रंगांध आहे असें त्या काळच्या एका मोठ्या नेत्रतज्ज्ञाचें मत होतें. फ्रिश यांस तें पटेना. रंग दिसत नसेल तर फुलांनीं इतका थाट कोणासाठीं मांडिला? त्यांनीं राखी रंगाच्या फिक्या-गडद अनेक छटांच्या कागदांत एकच निळा कागद ठेवून त्यावर साखरपाणी दिलें. मग बशी रिकामी करून कागदांची जागा बदलली, तरी माशा निळ्या कागदावरच उतरल्या. १९१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनीं तो वाद मिटविला. मधमाशीस तांबडा रंग मात्र दिसत नाहीं, आणि मनुष्यास न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण दिसतात, हेंही पुढें कळून आलें.

बशी भरली कीं एखादी माशी येते, आणि थोड्याच वेळांत तिच्या घरच्या पुष्कळ येतात. हें मधपाळांस पूर्वींपासून ठाऊक होतें. १९१९ सालीं फ्रिश यांनीं कांचेच्या भिंतींचें एक पोळें अंगणांत ठेविलें, बशीवर आलेल्या माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला, आणि ती घरीं जाऊन काय करिते हें पाहत बसले. ती पोळ्यावर चढली, आणलेला रस दुसऱ्या माशांस दिला, आणि लगेच एका जागीं गोल गोल नाचूं लागली. एकदां उजवीकडून, एकदां डावीकडून. भोंवतालच्या माशा उत्तेजित होऊन तिच्या अंगास मिशा लावीत तिच्यामागें फिरल्या आणि एकामागून एक बाहेर पडल्या.

याशिवाय दुसरा एक नाच त्यांस दिसला. त्यांत माशी थोडें अंतर सरळ चालते आणि चालतांना पोटाचा मागील भाग झपाट्यानें डावी-उजवीकडे हालविते. मग अर्धवर्तुळ घेऊन मूळ जागीं येते, पुन्हां सरळ चालते, आणि या खेपेस दुसऱ्या बाजूनें परतते. सोयीसाठीं यास आम्ही डोलनाच म्हणूं. साखरपाणी घेऊन येणाऱ्या माशा गोल नाचत. पायांच्या पिशव्यांत पराग भरून आलेल्या माशा डोलत. तेव्हां गोल नाच म्हणजे मकरंदाचा आणि डोलनाच म्हणजे परागाचा, असा सिद्धान्त त्यांनीं बांधिला. तो छापला गेला, शिकविला गेला, कोणास त्यांत वावगें दिसलें नाहीं.

चूक होती ती बशीच्या जागेंत. साखरपाण्याची बशी सोयीसाठीं पोळ्याच्या जवळच मांडलेली असे, आणि पराग आणणाऱ्या माशा येत त्या दूरच्या खऱ्या फुलांवरून. नाच बदलत होता तो अंतरामुळें. पदार्थाशीं त्याचा संबंध नव्हता. इतकी साधी गोष्ट! परंतु सिद्धान्त सिद्ध झाला असें एकदां मनानें घेतलें म्हणजे बशी उचलून लांब ठेवण्याचें कोणास सुचत नाहीं. आमच्या घरांतूनही कित्येक समजुती अशाच जवळच्या बशीवर पोसलेल्या असतात. पण तें असो.

मध्यंतरीं जर्मनींत नाझींचें राज्य आलें. फ्रिश यांची आईकडची आजी ज्यू वंशाची, एवढ्या कारणावरून १९४१ सालीं त्यांस पदावरून दूर करण्याचें ठरलें. त्याच सुमारास नोसेमा नांवाच्या साथीनें त्या देशांतील मधमाशांचीं लाखों कुटुंबें नष्ट होत होतीं. माशा गेल्या तर फळबागा व तेलबिया यांचें उत्पन्न बसेल आणि युद्धकाळीं अन्नाचा तुटवडा वाढेल, ही भीति सरकारास होती. साथीचा अभ्यास करण्यास फ्रिश यांच्यासारखा दुसरा मनुष्य नव्हता. म्हणून त्यांची बडतर्फी युद्ध संपेपर्यंत पुढें ढकलण्यांत आली. युद्ध संपलें तेव्हां बडतर्फ करणारेच उरले नाहींत. ज्या माशांचें कुतूहल त्यांनीं जन्मभर केलें त्यांच्याच रोगानें त्यांचें आसन राखिलें, हा योग विलक्षण खरा.

म्युनिकमधील त्यांचें घर बाँबहल्ल्यांत गेलें, आणि ते ऑस्ट्रियांतील एका तळ्याकांठच्या आपल्या जुन्या कौटुंबिक घरीं, ब्रुन्विंकल येथें राहूं लागले. तेथें १९४४ च्या उन्हाळ्यांत बशी अखेर लांब नेली गेली. साखरपाणी तेंच, माशा त्याच. पण बशी दूर जातांच गोल नाचाच्या जागीं डोलनाच दिसूं लागला. वीस वर्षांपूर्वींचें आपलेंच म्हणणें खोटें ठरत आहे हें पाहून त्यांनीं तें झांकण्याचा यत्न केला नाहीं; चूक जाहीर केली आणि पुढच्या वर्षापर्यंत त्या नाचाची सारी लिपि उलगडली.

ती लिपि अशी. पोळें उभें टांगलेलें असतें आणि आंत काळोख असतो. तेथें सूर्य नाहीं, क्षितिज नाहीं. "वर" आणि "खालीं" एवढेंच माशीस कळतें. म्हणून तिनें "वर" यास सूर्य मानिलें. सरळ चाल नेमकी वरच्या दिशेनें असेल तर अन्न सूर्याच्या दिशेस. खालच्या दिशेनें असेल तर सूर्याकडे पाठ करून जावयाचें. वरच्या रेषेपासून साठ अंश डावीकडे चालली तर सूर्याच्या डावीकडे साठ अंशांवर. अंतर सांगावयाचें तें चालीच्या वेळानें. शंभर मीटरांवर अन्न असेल तर पंधरा सेकंदांत नऊ-दहा फेरे होतात, एक हजार मीटरांवर चार-पांच, आणि सहा हजार मीटरांवर अवघे दोन. दूरचें घर सांगतांना डोलणें लांबतें. फुलाचा वास तर नाचणारीच्या अंगासच असतो, आणि आणलेल्या रसाचा थेंब ती मागणाऱ्यांस चाखावयास देते. सूर्य सरकत जातो तसा दीर्घकाळ नाचणाऱ्या माशीचा कोनही हळूहळू सरकतो. सूर्य ढगाआड गेला आणि निळ्या आकाशाचा एक तुकडा दिसत राहिला तरी तेथील प्रकाशाच्या गुणावरून तिला सूर्याची जागा कळते, हें फ्रिश यांनीं युद्धानंतर दाखविलें. १९७३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां त्यांचें वय शहाऐंशी होतें.

हे प्रयोग युरोपांतील माशीवरचे. आपल्या सह्याद्रींत तिच्या चुलत बहिणी नांदतात, आणि त्यांचे नाच पाहिले म्हणजे ही लिपि कशी घडत गेली असेल याचा अंदाज बांधतां येतो. फुलोरी ही सर्वांत लहान. झुडपाच्या फांदीस तळहाताएवढें एकच पोळें करिते. त्याचा वरचा भाग फांदीवर सपाट पसरलेला असतो, आणि त्या ओट्यावर उघड्या उन्हांत ती नाचते. तिला "वर म्हणजे सूर्य" असें भाषांतर करावें लागत नाहीं. सरळ अन्नाच्या दिशेसच ती चालून दाखविते. आग्या माशी कड्याखालीं किंवा उंच झाडास मोठें उघडें पोळें टांगते. ती उभ्या पृष्ठावर नाचते, पण आकाशाखालीं. पूर्ण अंधारांत नाचते ती सातेरी, जिला महाबळेश्वरकडील लोक पेटींत पाळितात. झाडाच्या ढोलींत वा भिंतीच्या पोकळींत एकापाठोपाठ एक अशीं अनेक पोळीं ती बांधिते. मार्टिन लिंडावर या फ्रिश यांच्या शिष्यानें लंकेस जाऊन या तिघींचे नाच पाहिले. सूर्य अगदीं माथ्यावर आला म्हणजे माशांचा गोंधळ उडतो, हेंही त्या प्रदेशांत दिसून आलें. पुण्यास असे दिवस वर्षांतून दोनदां येतात, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. त्या दुपारीं काठीची सावली काठीच्याच पायाशीं नाहींशी होते. ज्या वेळीं सूर्यास दिशाच नाहीं त्या वेळीं पत्ता सांगावयाचा कसा?

अंतराची मोजणीही मौजेची आहे. पूर्वीं आपल्या देशांत कोस प्रांतोप्रांतीं निराळा असे. माशांचेंही तसेंच आहे. दक्षिण हिंदुस्थानांत केलेल्या आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, सारख्याच अंतरासाठीं सातेरी ही आग्या माशीपेक्षां अधिक वेळ डोलते. सातेरी घराजवळ चरणारी, आग्या दूरवर जाणारी. जिचा मुलूख लहान तिचें माप बारीक. पण माशी मुळांत अंतर मोजते कशानें? पंखांच्या श्रमानें, असें फ्रिश यांस वाटे. बंगळुरास शिकलेले आणि ऑस्ट्रेलियांत संशोधन करणारे मंड्यम श्रीनिवासन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें सहा मीटर लांबीचा एक अरुंद बोगदा केला, त्याच्या भिंतींवर दाट नक्षी काढिली आणि माशांस त्यांतून जावयास लाविलें. त्या माशा घरीं जाऊन सुमारें दोनशे मीटरांचा नाच नाचल्या! डोळ्यांपुढून सरकणारें दृश्य हाच माशीचा कोस आहे, असा त्याचा अर्थ. आगगाडींत रुळांजवळची खडी पाहत बसलें म्हणजे वेग भयंकर वाटतो, आणि दूरचा डोंगर पाहिला म्हणजे गाडी उभीच वाटते, तसाच हा प्रकार. हे प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाले.

सर्वांनींच हें सारें मुकाट्यानें मानिलें असें मात्र नाहीं. १९६७ च्या सुमारास अमेरिकेंतील एड्रियन वेनर यांनीं उघड आक्षेप घेतला. नाचांत अर्थ असेल, पण तो इतर माशांस कळतो कशावरून? त्या नुसत्या वासावरून जात नसतील कशावरून? आक्षेप रास्त होता, आणि त्यास उत्तर देण्यासाठीं जेम्स गूल्ड यांनीं जी युक्ति केली ती आम्हांस या सर्व इतिहासांत सर्वांत चतुर वाटते. मधमाशीच्या माथ्यावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन लहान डोळे असतात. नाचणाऱ्या माशांच्या त्या लहान डोळ्यांवर त्यांनीं रंग लाविला. त्यामुळें मंद प्रकाश त्यांस जाणवेना. मग पोळ्यापाशीं एक दिवा ठेविला. नाचणारीला दिवा दिसला नाहीं, म्हणून तिनें "वर" यास सूर्य मानून पत्ता सांगितला. पाहणाऱ्यांस दिवा दिसत होता. त्यांनीं दिव्यास सूर्य मानून पत्ता ऐकला. परिणाम असा झाला कीं, सांगणारी जेथें कधीं गेलीच नव्हती तेथें ऐकणाऱ्या जाऊन पोंचल्या. वास तर तेथें नव्हताच. पुढें २००५ सालीं इंग्लंडांत माशांच्या पाठीवर बारीकसें यंत्र बसवून रडारनें त्यांचा मार्ग पाहण्यांत आला, तेव्हां नाच पाहून निघालेल्या माशा सांगितलेल्या दिशेस सांगितलेल्या अंतरापर्यंत जातात, आणि मग तेथें घिरट्या घालून शोध करितात, असें दिसलें. पत्ता गल्लीपर्यंत नेतो. घर वासानें व डोळ्यांनीं ओळखावें लागतें.

आतां प्रत्येकीनेंच नाचावयाचें ठरविलें तर ऐकावें कोणाचें? येथें राणीची आज्ञा वगैरे कांहीं नसते. राणी अंडीं घालण्यांत गुंतलेली असते. बाहेरून आलेली माशी आपला रस स्वतः सांठवीत नाहीं, घरकाम करणाऱ्या तरुण माशांच्या स्वाधीन करिते. त्यांनीं तो लगबगीनें उतरून घेतला तर तिला कळतें कीं घरीं याची गरज आहे, आणि ती नाचते. कोणी घेईना, ताटकळत उभें राहावें लागलें, तर ती नाचत नाहीं. उन्हाळ्यांत पोळें तापूं लागलें म्हणजे गोड रस आणणारीस कोणी विचारीत नाहीं आणि साधें पाणी आणणारीचें स्वागत होतें. मग पाण्याचा पत्ता सांगणाऱ्या नाचूं लागतात. उलट रस भरपूर आणि उतरून घेणाऱ्या थोड्या अशी स्थिति झाली, तर आलेली माशी थरथरत पोळ्यावर फिरते आणि घरांतील आणखी माशांस त्या कामास लाविते. मोठ्या कुटुंबांत स्वयंपाकघर चालविलेल्या कोणाही गृहिणीस यांत समजावून सांगण्याजोगें कांहीं उरत नाहीं.

नाच माशीस उपजत येतो असें फार काळ मानीत. २०२३ सालीं चीनमधील व अमेरिकेंतील संशोधकांनीं केवळ नुकत्याच जन्मलेल्या माशांचीं पोळीं तयार केलीं; त्यांत नाच दाखविणारी वडील माशी एकही नव्हती. वेळ आली तेव्हां त्या माशा नाचल्या, पण दिशा व अंतर दोहोंत चुका फार. सरावानें दिशा सुधारली. अंतर मात्र त्यांस जन्मभर चुकीचेंच सांगतां आलें. ज्यांस वडील माशांच्या मागें चार दिवस फिरावयास मिळालें होतें त्यांचे नाच आरंभापासूनच नीट होते.

गेल्या चैत्रांत आमच्या गल्लीच्या टोंकास पाण्याच्या उंच टाकीखालीं आग्या माशीचें पोळें लागलें होतें. जवळ जाण्याची सोय नाहीं. ही माशी चिडली म्हणजे अनर्थ करिते. आम्ही पुतण्याला घेऊन गच्चीवरून दुर्बिणीनें पाहत बसलों. आठ दिवस नुसती काळी थरथर दिसली. नवव्या दिवशीं, पांचाच्या सुमारास, पोळ्याच्या खालच्या कडेस गर्दीत थोडी जागा झालेली होती आणि तींत एक माशी डोलत होती. सरळ चाल जवळजवळ आडवी, डावीकडे. "काका, सूर्य पश्चिमेस, त्याच्या डावीकडे काटकोन, म्हणजे दक्षिण!" असें म्हणून पुतण्या जिना उतरूं लागला देखील. आम्ही दोघे दक्षिणेस चालत गेलों. कालव्याच्या कांठीं करंजांची रांग ऐन बहरांत होती आणि वरचा सारा शेंडा गुणगुणत होता. त्या माशा आमच्या टाकीवरच्याच होत्या कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. रंगाची कुंचली आम्हीं बरोबर नेली नव्हती, आणि नेली असती तरी आग्या माशीच्या पाठीवर ठिपका कोण देणार!